ओळंबा आणि माझा उजवा डोळा

वाचणाऱ्याने आधी एक काम करायचं आहे. डावा डोळा तळहाताने झाका आणि दाराच्या चौकटीकडे बघा. मग उजवा झाका आणि पुन्हा बघा. चौकट दोन्ही वेळा सरळ दिसली तर खुशाल पुढे वाचा. एखाद्या डोळ्याला ती मध्येच वाकलेली दिसली, तर वाचत बसू नका. उद्याची पहिली एसटी पकडा आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी सांगतो.

मी गवंडी. महाडजवळच्या बौद्धवाडीत राहतो. चाळीस वर्षं विटा-चिऱ्यांचं काम केलं, लोक मिस्तरी म्हणतात. आता मी अक्षर काढू शकतो, पण काढलेलं मला दिसत नाही. म्हणून मी सांगतो आणि सूनबाई लिहून घेते. ती वाडीतल्या बालवाडीत शिकवते. मी फुशारकी मारायला लागलो की तिचं पेन थांबतं, त्यावरून मला कळतं.

लिहायचं कारण म्हणजे तळीयेचे एक गृहस्थ. त्यांच्या डोळ्याचा पडदा सुटला होता आणि ते ऑपरेशनला तयार नव्हते. माझं नाव ऐकून आले, ओट्यावर दोन तास भातपिकाबद्दल बोलले आणि उठता उठता म्हणाले, "मिस्तरी, खरा सांगा. भ्याव वाटला व्हता?"

मी म्हणालो, "वाटला. अजून वाटतो."

ते पुन्हा खाली बसले. त्या दिवशी त्यांना जे सांगितलं तेच इथे सांगतो आहे.

*

नाते गावाजवळच्या एका वाडीत शाळेची खोली बांधायची होती. काम माझं, हाताखाली माझा मुलगा यशवंत आणि दोन गडी. यशवंत तेव्हा सव्वीस वर्षांचा होता, थापी लहानपणापासून हातात. मागची भिंत त्याच्याकडे दिली होती.

गवंड्याची एक सवय असते. भिंत बघायची ती डावा डोळा मिटून, उजव्याने, कडेला गाल लावून. पंचक्रोशीत माझ्या उजव्या डोळ्याचं नाव होतं. लोक म्हणायचे, ओळंबा चुकेल पण मिस्तरीचा डोळा चुकायचा नाही. मलाही ते खरं वाटायचं.

त्या दिवशी मी गाल लावला आणि भिंतीला चांगलं पोट आलेलं दिसलं. मधले थर बाहेर फुगलेले.

"काय बांधलायस रे हा? उतरव."

यशवंतने ओळंबा सोडला. दोरी खाली गेली, शिशाचा लोळा थांबला. "बाबा, ओळंब्यात हाय."

मी पुन्हा बघितलं. आता दोरीसुद्धा वाकडी दिसत होती. ताणलेली दोरी वाकडी कशी असेल, हे माझ्या मनात यायला हवं होतं. मी म्हणालो, दोरीला पीळ पडलाय. दुसरी दोरी आणली, तीही वाकली. मग म्हणालो, वारा आहे.

सहा थर उतरवले. त्याने पुन्हा बांधले. मी पुन्हा गाल लावला, पोट तिथेच.

"बाबा, तुमी हातान बगा. नाय तर दोन्ही डोले उघडून बगा."

गड्यांसमोर मुलाने मला बघायला शिकवावं, हे मला झोंबलं. मी नको ते बोललो. काय बोललो ते सूनबाईला सांगितलं आहे, पण लिहू दिलेलं नाही. यशवंतने थापी धुतली, पाटीत ठेवली आणि तो निघून गेला. आठवड्याभराने कळलं की तो पोलादपूरला एका ठेकेदाराकडे लागला आहे.

ती भिंत मग मी पुन्हा उतरवली आणि एकट्याने पुरी केली. ओळंबा बाजूला ठेवला आणि माझ्या डोळ्याने बांधली. वर वासे चढले, कौलं बसली, पोरं आत बसायला लागली.

*

पुढे उजव्या डोळ्यात मधोमध डाग आला. माणसाकडे बघावं तर तोंडाच्या जागी धुरकट बोळा. पण दोन्ही डोळे उघडे असले की डावा सांभाळून घ्यायचा, म्हणून दिवस जात होते.

शेजारचे तात्या मोतीबिंदू काढून आलेले, जाड भिंगाचा चष्मा लावायचे. त्यांनी माझी हनुवटी वर करून बघितलं. "मोतीबिंदूच हाय. पन कच्चा हाय. पिकू दे. कच्च्याला हात लावला तर डोला जातो."

आमच्याकडे सगळ्यांचं असंच ठरलेलं. डोळा मंद झाला की मोतीबिंदू, आणि मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायचं. आम्ही भात पिकवणारी माणसं, पिकायला वेळ लागतो हे आम्हाला कुणी समजवावं लागत नाही. मी रोज सकाळी आरशासमोर उभा राहून डाव्या डोळ्याने उजव्याचं बुबुळ बघायचो, पांढरं झालं का म्हणून. ते काळंच्या काळं. मी म्हणायचो, सावकाश पिकतंय.

माझी बायको सोनाबाई एक दिवस चिडली. "अवो, तो काय फनस हाय पिकाया? दाखवून या की डाक्टरला."

"तात्यांना जास्त कळतं का तुला?"

"तात्याला त्याच्या डोल्याचा कळतो. तुमच्या डोल्यात तो कवा गेलता?"

मी हसण्यावारी नेलं. असं करून एक वर्ष गेलं. हे वर्ष मला परत मिळालं तर मी दुसरं काही मागणार नाही. जे झिजलं होतं ते कदाचित वाचलं नसतं, तसं डॉक्टरांनीही सांगितलं. पण मी नुसता वाट बघत बसलो होतो, आणि जे पिकणारच नव्हतं त्याची.

*

भात पोटरीला आलं होतं, लोंब्या सुटायच्या बेतात. सकाळी अंगणात तोंड धुताना डाव्या डोळ्यात ठिणग्या उडाल्या, छिन्नी दगडावर बसल्यावर उडतात तशा. मग काजळीचे कण तरंगायला लागले. दुपारी जेवायला बसलो तर ताट दिसेना. भिंत दिसत होती, सोनाबाईचा चेहरा दिसत होता, पण खाली बघितलं की काळं.

संध्याकाळपर्यंत ते काळं वर चढलं. महाडच्या बाजारपेठेत पुराचं पाणी एकेक पायरी करत चढतं, ते मी लहानपणापासून बघत आलो आहे. तसंच चढत होतं. आधी सोनाबाईचे पाय गेले, मग निऱ्या, मग हात. मी तिला म्हणालो, "तू उभीच राहा, बसू नको." ती बसली की पाण्याखाली जायची.

तेव्हा मी घाबरलो. साठीचा माणूस, पोराने पाळण्याला धरावं तसा दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पोलादपूरच्या गाडीच्या कंडक्टरकडे निरोप दिला. बाराच्या आत यशवंत दारात होता. वर्षभराने आला होता. कसे आहात, काय झालं, काही नाही. माझ्या दंडाला धरलं आणि म्हणाला, "चला."

*

महाडला तेव्हा आठवड्यातून दोनदा डोळ्यांचे डॉक्टर यायचे. आमचं नशीब की तो दिवस त्यांचा होता. त्यांनी औषधाचे थेंब घातले, तासभर बसवून ठेवलं, मग अंधारात बॅटरी लावून बराच वेळ बघितलं.

मग त्यांनी चौकोन छापलेला एक कागद माझ्यापुढे धरला. "डावा झाका. उजव्याने बघा. रेघा कशा दिसतात?"

मी म्हणालो, "डॉक्टर, हा कागद वाकडा छापलाय. मध्ये पोट आहे."

त्यांनी कागद फिरवून आडवा धरला. पोट जिथल्या तिथे, मधोमध. मग उजवा झाकायला लावला आणि कागद वर, डाव्या डोळ्यात जेवढं शिल्लक होतं तेवढ्यात धरला. रेघा सरळ. सुतासारख्या सरळ.

"कागद चांगला आहे, मिस्तरी. हा मोतीबिंदू नाही. उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग वयाने झिजला आहे. तो पिकत नाही आणि काढताही येत नाही."

यशवंत माझ्या मागे उभा होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मला वाटलं, आता बोलेल. बोलला असता तर बरं झालं असतं.

डॉक्टर म्हणाले, "आता डाव्याचं ऐका. डाव्याचा पडदा सुटलाय. उद्याच मुंबई गाठा. उताणे झोपून जा, डोक्याला धक्का लागू देऊ नका. पडदा मध्यापर्यंत सुटला तर अवघड होईल."

उताणा झोपून, एसटीने. कंडक्टरने दोन चाकांच्या मधली, कमी उसळणारी सीट आम्हाला रिकामी करून दिली. तिथली माणसं मुंबईपर्यंत दांडीला धरून उभी राहिली, कुणी कुरकुर केली नाही. यशवंतने माझं डोकं मांडीवर घेतलं, दोन्ही तळहात कानांवर दाबून धरले. गाडी खड्ड्यात गेली की त्याची मांडी ताठ व्हायची आणि तो हात वर उचलून धक्का स्वतः घ्यायचा. पाच-सहा तास. त्याचे हात भरून आले असणार, पण त्याने ते काढले नाहीत. आणि मी वर बघत होतो. त्याच्या हनुवटीपर्यंत काळं आलं होतं.

*

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात ज्यांनी ऑपरेशन केलं त्या डॉक्टरीणबाई. मी गवंडी आहे कळल्यावर त्या माझ्या भाषेत बोलल्या. "गिलावा सुटलाय असं समजा, मिस्तरी. तो मी परत चिकटवणार. डोळ्याला बाहेरून रबराची पट्टी बांधणार, म्हणजे भिंत गिलाव्याला जाऊन टेकेल. पण भिंतीत मधोमध ओल शिरली आहे, ती मला काढता येणार नाही."

"ती तर उजव्यात ना?"

"डाव्यातही सुरू झाली आहे. थोडी."

"आणि गिलावा नाही चिकटला तर?"

"तर डाव्याने काही दिसणार नाही."

खोटं बोलल्या नाहीत, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. त्या वेळी मात्र राग आला होता.

ऑपरेशनआधी दोन दिवस दोन्ही डोळ्यांना पट्ट्या बांधून निजवलं. मग टेबलावर नेलं. बेशुद्ध करत नाहीत, डोळ्याच्या मागे सुई देतात. त्यानंतर दुखत नाही, पण ऐकू येतं. ट्रेमध्ये हत्यारं ठेवल्याचा आवाज येतो. डोळा ओढला जातोय हे कळतं. "हलू नका" एवढंच सांगतात आणि नेमकं तेव्हाच सगळं अंग हलायला बघतं. मला टेबलावर लघवी झाली. हे लिहू का, असं सूनबाईने विचारलं. लिही. तळीयेच्या गृहस्थांना सगळ्यात जास्त धीर याच गोष्टीने आला.

परत खाटेवर आणलं तेव्हा दोन्ही डोळे बांधलेले, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मान वळवायची नाही, खोकायचं नाही, शिंक आली तर गिळायची. चहा नळीच्या कपातून. बाकीचं सगळं दुसऱ्याच्या हातून. चाळीस वर्षं परांचीवर चढलेला माणूस, आणि यशवंत माझ्या खाली भांडं ठेवतोय.

पट्टीच्या आतला काळोख हा डोळे मिटल्यावरचा काळोख नव्हे. मिटलेला डोळा उघडता येतो. मला सारखं वाटायचं की पट्टी काढून झाली आहे आणि मला कुणी सांगत नाहीये. मी हात वर न्यायचो, कापूस लागला की जिवात जीव यायचा. परत थोड्या वेळाने तेच.

एक सिस्टर होत्या. त्या कधी न सांगता अंगाला हात लावायच्या नाहीत. आधी खाटेच्या दांडीवर बांगडीने दोनदा वाजवायच्या, मग म्हणायच्या, "मी आहे, थेंब घालते." बाकीचे आले की मी दचकायचो. त्यांची टकटक ऐकली की अंग सैल पडायचं. त्यांचं तोंड मी पुढे नीट बघू शकलो नाही.

*

तिसऱ्या दिवशी परतीचा पाऊस आला. खिडकीच्या पत्र्यावर धाडधाड वाजायला लागला. मी पडल्या पडल्या हिशेब करत होतो की यशवंतची भिंत सरळ होती आणि मी ती उगाच उतरवली. एवढं मी महाडलाच मनाशी कबूल केलं होतं. पण त्या पावसात पुढची गोष्ट लक्षात आली.

त्याची भिंत सरळ असूनही मला वाकडी दिसली. मग मी बांधलेली मला सरळ दिसली, ती कशी असेल?

वर कौलांचा भार. भिंतीला टेकून पोरं बसलेली. एक आख्खा पावसाळा तिने काढला होता आणि आता वरून हा पाऊस.

"यशवंत."

"हाय इथंच."

"नात्याची शाला. मागची भिंत. मी डोल्यान बांधली रे ती. ओलंबा नाय लावला."

त्याचं स्टूल खाटेजवळ सरकल्याचा आवाज आला.

"पोरा बसतात तिथं."

मला उठायचं होतं. खरंच उठलो असतो. त्याने माझ्या छातीवर हात ठेवला आणि दाबून धरला. मी रडायला लागलो. सिस्टर धावत आल्या, "रडू नका, डोळ्यावर ताण येतो." रडायचीही बंदी. मी तोंडाने श्वास घेत राहिलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहाचा कप तोंडाला लागला तेव्हा हात वेगळा होता. सोनाबाई. "यशवंत गेला," ती म्हणाली. "मला बोलवून घेतला आन गेला. कुठं त्या नाय सांगितला."

पाच दिवस तो आला नाही. त्या पाच दिवसांत मला डोळ्याची आठवण कमी झाली, हे कुणाला पटणार नाही. पडदा चिकटला की नाही हे विचारायचं मी विसरायचो. वॉर्डात कुठे काही पडलं, बादली आपटली, की मला विटा ऐकू यायच्या. सोनाबाईला मी सारखं विचारायचो, "पाऊस हाय का गो?" ती नाही म्हणायची. मला पाऊस ऐकू येत असतानाही ती नाही म्हणायची.

सहाव्या दिवशी दुपारी पेज भरवणारा हात बदलला. चमचा तोंडाशी आला तेव्हा मी ते मनगट धरलं आणि बोटं चाचपली. टोकं खरखरीत, नखांच्या कडेला चिरा, सिमेंट खाल्लेली. हे हात मला ओळखायला डोळे लागत नाहीत.

"शालेतली पोरा?"

"गुर्जींनी समाजमंदिरात बसवल्यात. वाशांना टेकू दिला आन उतरवली. नवी झाली बांधून."

मला पुढचं विचारायचं नव्हतं. विचारलं. "वाक किती व्हता?"

त्याने चमचा वाटीत ठेवला. "दोन बोटा."

एवढंच. वर्षभराचा राग काढायला याहून चांगली वेळ त्याला मिळाली नसती. त्याने चमचा पुन्हा भरला आणि म्हणाला, "आ करा."

*

पट्टी काढली तेव्हा मी डोळा उघडेना. डॉक्टरीणबाई दोनदा म्हणाल्या, उघडा. मला वाटत होतं, मिटलेला आहे तोवर अजून काही ठरलेलं नाही.

उघडला तेव्हा आधी नुसता पांढरा उजेड, पाणी, टोचणं. मग खाली बघितलं. माझे पाय दिसले. चादरीतून बाहेर आलेले, काळे, भेगा पडलेले. काळं पाणी ओसरलं होतं. सोनाबाई खाटेच्या पायथ्याशी खाली बसली होती आणि तीही दिसत होती.

यशवंतकडे बघितलं तर नाक-डोळ्यांवर धूसर होतं. कान मात्र स्वच्छ दिसले, माझ्यासारखेच मोठे. मी म्हणालो, "कान आले." तो हसला असावा.

पडदा चिकटला होता. मधली झीज मात्र तशीच चालू राहिली आणि दोन-तीन वर्षांत डाव्याचाही मधला भाग गेला. आज मला वाट दिसते, बांध दिसतो, माणूस आलेला कळतो. तोंड दिसत नाही, अक्षर दिसत नाही. ऑपरेशन केलं नसतं तर डाव्याने वाटही दिसली नसती. तळीयेच्या गृहस्थांनी विचारलं, एवढ्यासाठी एवढं सोसायचं? मी म्हणालो, मी एकटा परसाकडे जातो. त्यांना पटलं.

भीती गेलेली नाही. डोळ्याच्या कडेला काही चमकलं की मी चौकटीला धरतो. सोनाबाई येते, माझ्यासमोर उभी राहते आणि मी तिचे पाय दिसतात का ते बघतो.

*

वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, असे तीन महिने काढल्यावर मी यशवंतला म्हणालो, मला नात्याला ने.

शाळा सुटली होती. आतून शेण-मातीचा आणि खडूचा वास येत होता. मागच्या भिंतीला अजून गिलावा नव्हता. मी सवयीने डावा डोळा मिटला, गाल लावायला वाकलो आणि तसाच थांबलो. यशवंत बघत होता. गिलाव्याला आलेले दोन गडीही होते, तेच, वर्षापूर्वीचे.

"ओलंबा दे."

त्याने माझ्या हातात दिला. दोरी ज्यात ओवलेली असते तो लाकडी ठोकळा मी वरच्या थराला टेकवला, दोरी सोडली. लोळा हेलकावे घेत थांबेपर्यंत थांबलो. मग दोन्ही डोळे मिटून घेतले आणि दुसऱ्या हाताने दोरीच्या बाजूने खाली गेलो. हे चाळीस वर्षांत कधीही करता आलं असतं. लोळा भिंतीला जेमतेम लागत होता, दाबत नव्हता, सुटतही नव्हता, सरळ भिंतीला लागतो तसा. दोन हात पुढे जाऊन पुन्हा सोडला. आणखी पुढे जाऊन पुन्हा. आख्खी भिंत मी अशी बोटांनी बघितली. कुणी घाई केली नाही.

मग गड्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी म्हणालो, "ओलंब्यात हाय."